चाचणीपुरतं नाव

“नाव काय घालू, आबा?”

अनुजानं विचारलं आणि तिची बोटं लॅपटॉपवर तशीच अधांतरी राहिली. पडद्यावर चार रिकामे रकाने होते. मयताचं नाव, वय, रक्षाविसर्जनाची वेळ, ठिकाण. खाली एक निळं बटण. चाचणीपुरती एक नोंद घालून बघायची होती, एवढंच.

“घाल की कुठलंबी,” बाळासो चौगले बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले.

“कुठलंबी घातलं तरी त्या नावाचा एखादा जिता माणूस कोल्हापुरात असणारच की.”

बाळासोंनी बशी खाली ठेवली. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेरच्या गावात अशा कामाला लोक काहीतरी अगम्य अक्षरं बडवत असतील. पण इथं मंगळवार पेठेत बसून मयताच्या यादीत कुणाचंही नाव लिहायचं म्हणजे हात अडखळणारच. उद्या खरंच त्याला काही झालं, तर आयुष्यभर बोच राहायची.

“मग माझं घाल.”

“आबा!”

“आगं, मी हितं चहा पीत बसलोय न्हवं? माझं मला चालतंय. दुसऱ्याचं वंगाळ कशाला चिंतायचं?”

अनुजानं थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि मग मुकाट्यानं लिहिलं: बाळासो रामचंद्र चौगले, वय ७३, पंचगंगा घाट, सकाळी ९. रोज उठून तारीख बदलायला नको म्हणून तिनं या नोंदीला आपोआप त्या-त्या दिवसाची तारीख लागेल अशी सोय केली. बटण दाबलं. पडद्यावर काळ्या चौकटीत बाळासो गेले.

त्यांनी चष्मा चढवून स्वतःचं मरण दोनदा वाचलं.

“वेळ बदलायची का? साडेआठ करू?”

“नऊच असू दे,” ते म्हणाले. “लांबनं येनाऱ्याला सवड मिळती.”

आणि बशी विसळायला उठून गेले.

लांबून येणारं असं त्यांचं एकच माणूस होतं, आणि ते तीन वर्षांत आलं नव्हतं.

बाळासोंनी एकतीस वर्षं एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये काढली. गडहिंग्लजची गाडी कधी सुटली, वाडीची कधी लागली, पुण्याची किती मिनिटं मागं आहे, हे तोंडावर. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, सवय राहिली. माणसं ते तशीच मोजत. कोण कुणाच्या रक्षेला आला, किती उशिरा आला, हार आणला की नुसते हात जोडून गेला, सगळं डोक्यात. बायको चिमणाबाई गेली तेव्हा कोण-कोण आलं नाही, याची तर त्यांना झोपेतसुद्धा हजेरी घेता आली असती. त्या हजेरीत पहिलं नाव होतं थोरला लेक पृथ्वीराज.

पृथ्वीराजनं पुण्यात स्वतःच्या पसंतीनं नोंदणी करून लग्न केलं. बाळासो गेले नाहीत. मग फोन कमी झाले. मग चिमणाबाईच तेवढी चोरून बोलायची. ती गेली त्या दिवशी घरात अशी काही गडबड होती की बाळासोंना वाटलं अनुजानं कळवलं असेल, आणि अनुजाला वाटलं आबांनी कळवलं असेल. दोघंही एकमेकांवर हवाला ठेवून रडत बसले. पृथ्वीराजला तिसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर आईचा हार घातलेला फोटो दिसला. तो गाडी काढून निघाला. रक्षा आठला झाली होती. तो साडेदहाला दारात उभा राहिला.

बापानं दारातच त्याच्या तोंडाकडे बघितलं. चौगल्यांच्या घराची रीत अशी की आई जावो की बाप, थोरल्यानं रक्षेच्या आधी डोकं आणि मिशी उतरवायची. पृथ्वीराजची मिशी भरघोस होती, बापासारखीच.

“आलास व्हय?” बाळासो म्हणाले होते. “मिशीला पीळ देऊन? रक्षा झाली. आता जेवूनच जा.”

पृथ्वीराज पाणीसुद्धा न पिता गेला. वाक्य तोंडातून निसटल्याबरोबर बाळासोंना कळलं होतं की ते परत घ्यायला पाहिजे. पण सुटलेली गाडी स्टँडात परत बोलवायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती.

अनुजा घरातूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. तिनं मयतांची खबर देणाऱ्या पानाचा हा उद्योग काढला तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, “कुणाला कळलंच न्हाय, असं व्हायला नको.”

पहिले चार दिवस ते लॅपटॉपवरच चाललं. बाळासोंच्या मोबाईलवर घरात पान उघडायचं. ते मोठ्या हौसेनं मोबाईल घेऊन कोपऱ्यावर अमरसिंहच्या पानपट्टीवर दाखवायला जायचे, आणि तिथं पडदा कोरा.

“दारातनं भाईर पडलं की बंद पडतंय तुझं.”

“ते आपल्या घरच्या वायफायवरच दिसतंय आबा. सध्या माझा लॅपटॉपच त्याचं घर आहे.”

“म्हंजे कोन गेलं ते घरातल्यालाच कळनार? ते तसंबी कळतंयच की.”

अनुजा हसली आणि बुधवारी संध्याकाळी काम संपल्यावर तिनं ते बाहेर पाठवायला घेतलं. बाळासो शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रोग्रॅम, त्याला लागणारं सगळं सामान आणि नोंदींची फाईल, असं एक गाठोडं बांधायचं आणि दुसऱ्याच्या मशीनवर चालवायला द्यायचं, असं तिनं सांगितलं.

“कुठं हाय ते मशीन?”

“सिंगापूरला.”

“आपल्या पेठंतल्या मयताची वर्दी सिंगापुरास्नं येनार? कर बाई, कर.”

“फुकटात आहे. पण पंधरा मिनिटं कुणी फिरकलं न्हाय की ते झोपतंय. कुणी आलं की उठतंय.”

“आमच्या चौकशीच्या खिडकीगत.”

पडद्यावर ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या. सात वाजून वीस मिनिटांनी एक पत्ता उमटला. अनुजानं तो आबांच्या मोबाईलवर टाकला. बाळासो मोबाईल घेऊन तडक अमरसिंहच्या पानपट्टीवर गेले, आणि या वेळी पान उघडलं. सर्वांत वर, काळ्या चौकटीत, ते स्वतः होते.

“आरं तिच्या!” अमरसिंह मागं सरकला. “हे काय वंगाळ?”

“चाचनी हाय मर्दा,” बाळासो म्हणाले. पण परत आल्या-आल्या त्यांनी अनुजाकडून नाव काढून घेतलं. ती म्हणाली, गेलं. त्यांनी दोनदा उघडून बघितलं. गेलं होतं. मग त्यांनी स्वतःच्या बोटानं पहिली खरी नोंद केली: शुक्रवार पेठेतल्या झुंबरबाई, गुरुवारी सकाळी आठ, पंचगंगा घाट. पत्ता रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींना धाडला, एसटीतल्या जुन्या लोकांना धाडला. सगळे उघडून-उघडून बघत होते, त्यामुळे मशीनला रात्री उशिरापर्यंत झोप नव्हती.

अनुजानं आणखी एका नंबरवर पत्ता पाठवला. “दादा, मी बनवलंय. बघ.” थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

“बघितलं का?” बाळासोंनी जेवताना विचारलं.

“कुणी?”

“कुनी न्हाय. वाढ भात.”

रक्षेला जाताना बाळासो मोबाईल घरी ठेवत. घाटावर खिशात घंटा वाजणं त्यांना पटत नसे. गुरुवारी सकाळी झुंबरबाईंना नदीत सोडून लोक पांगायला लागले तेव्हा सव्वाआठ झाले होते. एकोणीस माणसं होती. बाईच्या स्वभावाच्या मानानं बरी. बाळासो पायरीवर बसून पाय पुसत होते, तोवर वरून जोतीराम उतरताना दिसला. जोतीराम त्यांच्या वेळचा ड्रायव्हर. पांढरी टोपी, हातात झेंडूचा हार. बाळासोंना बघून तो चौथ्या पायरीवर जागच्या जागी थिजला.

“तू हितं काय करालाईस?” जोतीरामनं विचारलं.

“झुंबरबाईच्या रक्षंला आलतो. तू कुनाच्या?”

“तुझ्या.”

जोतीरामच्या हातातला हार हळूच खाली आला. मग तो मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आणि रडता-रडता शिव्या द्यायला लागला, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मग एकेक जण उतरू लागला. अमरसिंह पानपट्टी बंद ठेवून आला होता. त्यानं काल चाचणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, तरी आला होता. “काल म्हनला चाचनी हाय, आन् सकाळी परत नाव. म्हटलं, बोलाफुलाला गाठ पडली. रातीत गेलेल्याची सकाळी रक्षा कशी, हे सुचलंच न्हाय,” तो म्हणाला. गडहिंग्लज डेपोचे दोघं सहाच्या गाडीनं निघालेले अजून वाटेत होते म्हणे. एक जण म्हणाला, आलोयच तर नऊपातूर थांबू की. त्यावर हशा पिकला आणि लगेच विरला. घाटावर हसायचं किती, याचंही एक माप असतं.

बाळासोंनी सवयीनं मोजलं. सव्वीस. झुंबरबाईंपेक्षा सात जास्त. चिमणाबाईच्या वेळी न आलेले त्यात चौघं होते. त्यांनी त्या चौघांच्या तोंडांकडे बघितलं आणि त्यांच्या डोक्यातलं एक जुनं पान नकळत कोरं झालं. जिवंतपणी स्वतःच्या रक्षेची हजेरी घ्यायला मिळणं हे काही सगळ्यांच्या नशिबात नसतं. बाळासोंना त्यातली गंमत कळत होती. ते आल्यागेल्याला हात जोडत होते, पाठी थोपटून घेत होते. पण त्यांची नजर माणसांच्या डोक्यावरून वर, रस्त्याकडे जात होती.

अनुजा मोपेडवरून आली तेव्हा तिचे केस विंचरलेले नव्हते आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“बंद केलंय आबा. सगळंच बंद केलंय,” ती धापा टाकत म्हणाली. “माझी चूक. ते झोपून उठलं की कोरं होऊन उठतंय. काल आपण काय पुसलं, काय लिहिलं, त्याला काही ध्यानात न्हाय. गाठोड्यात बांधून दिलेलं तेवढंच घेऊन उठलं. नोंदींची फाईल वेगळी ठेवायला पाहिजे होती मी. पहाटे कुणीतरी उघडलं, आणि तुमचं एकट्याचं नाव. आजची तारीख.”

“असू दे,” बाळासो म्हणाले. “रडू नको. मेलेलं मानूस रडत न्हाय, तू कशाला?”

लोक पांगले. जोतीरामला अमरसिंहनं धरून वर नेलं. अनुजा पायरीवर बसली आणि मोबाईल काढला. सातला ती उठली तेव्हापासून फोनवर फोन येत होते. घेता आले तेवढे घेतले होते, तरी न घेतलेले त्रेसष्ट होते. ती वरून खाली यादी बघत गेली, आणि अगदी तळाशी तिचं बोट थांबलं.

“आबा. दादाचे तीन आहेत.”

“किती वाजताचे?”

“पाच चार. पाच पाच. पाच नऊ. मी झोपले होते, आवाज बंद होता.” ती उठून उभी राहिली. “तो निघाला असणार. आईच्या वेळीपण कुणी सांगितलं न्हाय, आताबी सांगत न्हाईत, असं वाटलं असणार त्याला. थांबा, फोन लावते.”

बाळासोंनी तिचं मनगट धरलं.

“थांब.”

“काय थांब?”

“येऊ दे.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तिनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.

“आबा, तो रडत गाडी चालवत असेल.”

“फोन केलास की माघारी फिरंल.” बाळासोंची पकड सैल झाली, पण हात तिथंच राहिला. “हितवर आला म्हंजे दिसंल तरी. आला की मी बगतो. माफी मागतो म्हन. पाया पडतो म्हन, काय बी करतो. पर येऊ दे गं त्याला.”

बापानं माफी हा शब्द उच्चारलेला अनुजानं जन्मात ऐकला नव्हता. मोबाईल तिच्या हातात होता, नंबर समोर होता. तिनं तो दाबला नाही. पुढं-मागं दोष वाटायची वेळ आली तर सारखे वाटे पडणार नाहीत. पण तिलाही तिचा वाटा घ्यावा लागेल, हे तिला तेव्हाच कळलं असावं. कारण तिनं मोबाईल पिशवीत घातला आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

पावणेनऊ झाले होते.

बाळासो नदीकडे पाठ करून बसले आणि त्यांनी लेकाची गाडी मनात धरली. शेवटचा फोन पाच नऊचा, म्हणजे पाच दहाला सुटला. सात दहा सातारा. आठ पाच कराड. पेठ नाका साडेआठ. म्हणजे आता वारणा ओलांडत असेल. किणी. नऊला टोप. साडेनऊला घाटावर. लेक तीस मिनिटं उशिरा येणार होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या उशिराचं काही वाटत नव्हतं.

साडेनऊ झाले. पायऱ्यांवर एक म्हातारी कपडे धूत होती. पावणेदहा झाले.

“रस्त्याचं काम चालू हाय,” बाळासो म्हणाले.

“हं.”

“तितं दहा-पंधरा मिन्टं खात्यात.”

दहा वाजले. दहा मिनिटं रस्त्याच्या कामाची धरली, पाच नाष्ट्याची धरली. पण बाप मेल्यावर नाष्टा कोण करतो? ती पाच त्यांनी परत काढून घेतली. हिशेब लागेना. गाडीला काही झालं असेल का, हा विचार त्यांनी दोनदा हाकलला, तिसऱ्यांदा तो आला तेव्हा ते अनुजाकडे वळून म्हणाले, “लाव. लाव फोन.”

तिनं चेन ओढली, तोवर वर गाडीचं दार वाजलं.

पृथ्वीराज पायऱ्या उतरून आला. एका हातात बूट, खांद्यावर टॉवेल. त्यानं घाटावर इकडून तिकडे बघितलं. माणसं नव्हती. झेंडूचा एक हार पायरीवर पडला होता. या खेपेलाही उशीर झाला हे त्याला कळलं, तसं त्यानं मान खाली घातली आणि हात जोडले, नदीला. मग त्याची नजर वळली, आणि तिसऱ्या पायरीवर बसलेल्या बापावर येऊन थांबली.

बाळासोंनी सकाळपासून मनात चार-पाच वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वर आलं नाही. कारण पृथ्वीराजच्या डोक्याचा चकोट केलेला होता. कानांवरच्या कातडीला वस्तऱ्याचा ताजा हिरवट रंग होता. आणि नाकाखाली, जिथं विसाव्या वर्षापासून बापासारखी मिशी होती, तिथं पांढरीफटक पट्टी होती. घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसते तशी.

चाळीस मिनिटांचा हिशेब लागला.

पृथ्वीराज उभा होता तिथंच खाली बसला.

“जित्तं हायसा तुमी,” तो म्हणाला.

“हाय.”

अनुजा त्याच्याजवळ जाऊन बसली. रडत-रडत सगळं सांगितलं. चाचणी, गाठोडं, पुसलेलं नाव, कोरं होऊन उठलेलं मशीन. तो कॉम्प्युटरमधला नव्हता, पण त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मध्येच त्याचा तळहात आपसूक वरच्या ओठावर जायचा आणि तिथं काही नाही हे कळून खाली यायचा.

“तुला कवा कळलं?” त्यानं विचारलं.

“सातला.”

“माझे फोन दिसले न्हाईत?”

“दिसले.”

“कवा?”

अनुजानं आबांकडे बघितलं.

“पावनेनऊला,” बाळासो म्हणाले. “ती करत हुती. मी करू दिला न्हाय.”

पृथ्वीराज त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर बाळासोंना बरं वाटलं असतं. रागाला काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

“पावणेनऊला मी पेठ नाक्यावर बाकड्यावर बसलोतो,” तो सावकाश म्हणाला. “न्हाव्याकडं. माझ्या आधी एक जण दाढी करत हुता. त्याचं आटपंना. म्हटलं, रक्षा तर गावत न्हाय आता, पर या येळंला मिशी घेऊन दारात जायाचं न्हाय.”

बाप जिवंत असताना लेक मिशी उतरवत नाही. हे तिघांनाही माहीत होतं.

त्याचा फोन वाजला. तो उठून दोन पायऱ्या वर गेला, पण घाटावर आवाज लपत नाही.

“अंतरा... व्हय. पोचलो... न्हाय. ऐक. आबा हायत... हायत म्हणजे हायत. जिवंत. समोर बसल्यात.” मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. “मला सांगता येत न्हाय आता. कुठंवर आलीस?”

बाळासोंचे कान उभे राहिले. सून आणि नात. नात चार वर्षांची होती. तिचा फोटो अनुजानं एकदा दाखवला होता, आणि त्यांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं होतं.

“एसटीनं निघाल्यात?” त्यांनी हळूच अनुजाला विचारलं. “कितीच्या?”

वरून पृथ्वीराजनंच उत्तर दिलं, फोन कानापासून दूर धरून. “साडेसहाच्या. मला थांबायला येळ नव्हता. ती म्हनली, तू हो पुढं, पोरीचं आवरून येते.”

“साडेसहाची म्हंजे आता कराडात शिरत असंल,” बाळासो म्हणाले. “सव्वाबाराला हितं लागती.”

पृथ्वीराजनं फोन पुन्हा कानाला लावला.

“कराडला उतर,” तो म्हणाला. “स्टँडातच थांब. मी न्यायला येतोय.”

येऊ दे की त्यांना, एवढं चार शब्दांचं वाक्य होतं. सकाळी त्यातले दोन शब्द बाळासोंनी किती सहज वापरले होते! आता ते जिभेवर आले आणि तिथंच बसले. त्याऐवजी पृथ्वीराज बूट उचलून निघाला तेव्हा त्यांच्या तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

“जेवून जा.”

तेच शब्द. तेव्हा त्यांत सुई होती, आता नव्हती. पण हे शब्दांकडे बघून कसं ओळखायचं? पृथ्वीराज वळला. त्यानं बापाला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जणू काही राहून तर गेलं नाही ना ते तपासत होता.

“तब्येत संभाळा,” तो म्हणाला.

वर गेल्यावर त्यानं बूट घातले. गाडी सुटल्याचा आवाज आला. दहा छत्तीस.

अनुजाला बाळासोंनी घरी धाडलं. चालत येतो म्हणाले. रिक्षा करून ते स्टँडवर उतरले तेव्हा बारा वाजायला आले होते. पुण्याच्या गाड्या लागतात तिथं, कंट्रोल केबिनच्या बाहेर, खांबाला टेकून ते उभे राहिले. आत नवी पोरं होती, ओळखणारं कुणी नव्हतं. पिशवीत त्यांनी वाटेत घेतलेली खाऊची पुडी होती. ती का घेतली, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कराडला उतरायचं ठरलेलं माणूस कराडला उतरतंच. हे गाड्यांच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला नव्यानं शिकवायला नको होतं. तरी ते उभे होते.

गाडी आत वळली. पाठीमागं सरत फलाटाला लागली. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. कॉलेजची पोरं, एक लष्करातला जवान, कोंबडीची खुराडी घेतलेला एक जण. बाळासोंनी शेवटच्या माणसापर्यंत मोजली.

“काय पावणं, कुनी यायचं हुतं?” कंडक्टर खाली उतरत म्हणाला.

“एक बाई. संगट चार वर्सांची पोरगी.”

“ती व्हय? कराडातच उतरली. तिकीट हितलं हुतं. म्हटलं ताई, कोल्हापूर आजून लांब हाय. तर म्हनली, म्हाईत हाय.” त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. “पोरगी खिडकी सोडंना झालती. तुमची कोन?”

रिकाम्या गाडीच्या खिडक्यांवरून बाळासोंची नजर एकेक करत शेवटपर्यंत गेली, आणि मग सवयीनं वर, केबिनवरच्या घड्याळाकडे.

सव्वाबारा.

गाडी वेळेवर होती.